न ढवळलेला डोंगर

रोज सकाळी न्याहारीला बसण्याआधी सयाजी तात्या पितळी परातीत हात धुवायचे. मागच्या दारी नळ होता, मोरीही होती, पण पाणी ते मोरीत सोडत नसत. परातीतलं पाणी हलायचं थांबेपर्यंत उकिडवे बसून तळाकडे बघायचे, मग उठून ते कढीपत्त्याच्या आळ्यात ओतायचे.

सवय तमिळनाडूतल्या सेलमची होती. तिथे त्यांचं गलाईचं दुकान होतं, छत्तीस वर्षं. सोनारांनी आणलेले जुने दागिने वितळवायचे, त्यातलं तांबं-चांदी काढून टाकायची आणि शुद्ध सोनं परत द्यायचं, हा गलाईचा धंदा. हाताला लागलेली धूळसुद्धा सोन्याची असते, म्हणून दुकानात हात धुतलेलं पाणी पिंपात साठवायचे आणि दिवाळीला आटवायचे. तळाच्या गाळातून अंगठीपुरतं तरी निघायचं.

"आता हाताला शेण लागतंय तुमच्या," त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणायच्या. "त्यातनं काय निगणार हाय?"

"कढीपत्ता बग की कसा फुटलाय."

कवठे महांकाळच्या पुढे आमचं गाव. पाऊस कमी, जमीन हलकी. त्यामुळे निम्म्या घरांची माणसं गलाईला बाहेर: हैदराबाद, रांची, कोइमतूर. घरांची नावं त्या गावांवरून पडलेली. तात्यांना सगळे सेलमवाले म्हणत. गुडघे धरले तेव्हा त्यांनी दुकान विकलं, पैसे बँकेत ठेवले आणि दोघं गावी आले. मूलबाळ नव्हतं. पुतण्या दिग्विजय होता. त्याला लहानपणी त्यांनीच सेलमला नेऊन शिकवलं होतं.

दिग्विजय भूगर्भशास्त्र शिकला आणि बंगळुरूच्या एका लहान कंपनीत लागला. कंपनीकडे खाण नव्हती. रायचूरच्या पलीकडच्या एका डोंगरात सोनं आहे का, हे शोधायचा परवाना होता. जमिनीत खोल भोकं पाडायची, त्यातून दगडाच्या कांड्या वर काढायच्या, त्या तपासायच्या. पुढच्या भोकांसाठी पैसा हवा होता आणि ओळखीच्या माणसांना शेअर द्यायचं ठरलं होतं. गावच्या जत्रेआधी महिनाभर दिग्विजय घरी आला तो बॅगेत कांडीचा एक तुकडा घेऊन. करडा, जड, मधून पांढरी रेघ गेलेला.

"बगा तर तात्या, तुमीच टच काढा," तो म्हणाला.

टच म्हणजे सोन्याचा कस. तात्यांनी माळ्यावरची जुनी मूस उतरवली. दगड खलबत्त्यात कुटून पीठ केलं, शिसं आणि सवागी, म्हणजे टाकणखार, घालून शेगडीवर वितळवलं. ओट्यावर बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली, सगळी गलाईतली, रिटायर झालेली किंवा जत्रेला लवकर आलेली. कुणीतरी न सांगता भाता मारायला बसलं. शिसं जिरून गेल्यावर तळाशी खसखशीच्या दाण्याच्या निम्म्याएवढा पिवळा ठिपका उरला. तात्यांनी तो चिमट्याने उचलला, उन्हात धरला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"सोनं हाय," ते म्हणाले. "आन चांगलं हाय."

त्यांची चूक तेवढीच. पण ती आमच्याच गावात चूक ठरू शकते. गलाईवाल्याने एकदा टच सांगितला की तो बदलत नाही. सेलमचे सोनार तात्यांची भाषा जाणत नव्हते, तरी त्यांच्या हातची चिठ्ठी बघून लाखाचा माल उचलायचे. ओट्यावरची माणसं घरी गेली आणि संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली, की डोंगराचा टच सेलमवाल्यांनी काढलाय. हैदराबादच्या बाळासोंनी दुकानात नवी भट्टी घ्यायची थांबवली. बनुबाईंनी रांचीच्या पोरांना फोन करून मुदतठेव मोडायला सांगितली. तात्यांनी स्वतः दुकानाचे निम्मे पैसे घालायचं मनात धरलं होतं. म्हातारपणाला तेवढेच पैसे होते, पण समोर पोटच्या पोरासारखा पुतण्या होता आणि ठिपका त्यांनी स्वतःच्या चिमट्यात धरला होता.

"डोंगर तरी बगून या," शालूबाई म्हणाल्या. "दागिना बगितल्याबिगर कवा मुशीत घातला न्हाई तुमी."

मिरजेहून गाडी धरून काका-पुतणे रायचूरला गेले. पुढे जीप. डोंगर म्हणजे बाभळी आणि तांबडी माती, आपल्या जतच्या माळासारखाच. पायथ्याशी पत्र्याची लांब शेड होती आणि शेडमध्ये पत्र्याच्या पेट्या. प्रत्येक पेटीत दगडाच्या कांड्या ओळीने निजवलेल्या, शेजारी खडूने आकडे. तात्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेले. गुडघ्यासाठी मध्ये दोनदा थांबले.

"किती भोकं ही?"

"तेवीस, तात्या."

"सोनं कितीत?"

"चारात. त्यातल्या दोनात बरं हाय. तुमाला दिलेला तुकडा ज्या एकात भारी लागलं, त्यातला."

"आन बाकीची एकोणीस?"

"ती कोरडी. पण त्यावरनं रेघ कुठल्या अंगाला वळती ते कळतंय. कोरडं भोकबी कामाचं असतंय तात्या."

तात्यांनी एक कांडी हातात घेतली. त्यांना काही कळेना. पांढरी रेघ तर हिच्यातही होती. एवढं वय झालं, सोनं हातात धरलं आणि कळलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. त्यांनी कांडी जागच्या जागी ठेवली, अगदी होती तशी.

मग शेडच्या पायरीवर बसून त्यांनी एकेक विचारलं. दिग्विजयने काही लपवलं नाही, हे तात्या पुढे सगळ्यांना सांगत.

"पैसा किती दिस पुरंल?"

"चौदा महिने."

"मग?"

"मग नवे शेअर काढायचे."

"म्हंजे आमचा वाटा पातळ झाला."

"व्हय. पण तवर चांगलं लागलं, तर शेअरचा भाव वर गेलेला असंल."

"आन न लागलं तर?"

"तर न्हाई लागलं. तात्या, अशा कंपन्यांतल्या लय थोड्यांची खाण होती. आन झाली तरी धा-बारा वर्सं. परवाना, जंगलखातं, गावाची कबुली, सगळं मधी येतंय."

"तुला काय वाटतंय?"

"मला वाटतंय हाय. पर मी हितं काम करतो, मला वाटणारच."

तात्या हसले आणि पोराच्या पाठीवर थाप मारली. परतीच्या गाडीत मात्र ते खिडकीशी टेकून गुडघा चोळत बसले. दिग्विजयला वाटलं, गुडघा दुखतोय.

दुखत होतं ते वेगळं. दुकानात वितळलेलं सोनं ते सळईने ढवळत. पूर्ण ढवळलं की कुठल्याही कोपऱ्यातला चिमूटभर नमुना अख्ख्या लगडीबद्दल खरं सांगतो, म्हणून तर एका नमुन्यावर चिठ्ठी लिहिता येते. आयुष्यभर त्यांनी तेच केलं आणि ओट्यावरही तेच केलं, दगडाच्या बाबतीत. तो डोंगर कुणी ढवळलेला नव्हता. त्यांच्याबरोबर पंधरा-वीस जाणत्या गलाईवाल्यांनी तो ठिपका पाहिला होता आणि एकालाही ते सुचलं नव्हतं.

दिलेला टच मागे घेणं म्हणजे आपल्या हाताने आपलं नाव पुसणं. तात्यांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी जत्रेचं जेवण होतं. शाळेच्या हॉलमध्ये बाहेरगावची गलाईवाली मंडळी झाडून जमली होती. पुढ्यात शिरा आणि चिवडा होता, दिग्विजय कागद घेऊन दाराशी बसला होता. तात्या उभे राहिले.

"मी त्या दगडाचा टच काढला त्यो खरा हाय," ते म्हणाले. "पर त्यो त्या दगडाचा. डोंगराचा न्हाई. माज्या टचवर कुणी पैसं घालू नका."

मग बाळासो म्हणाले, "तात्या, टच दिऊन मागं घेताय व्हय? सेलमला आसं केलं आसतं, तर लोकांनी पाटी उतरवली आसती तुमची."

"उतरवली आसती. म्हणून गाडीत बसून लय दम खाल्ला मी."

"दगडात सोनं तर हाय ना?"

तात्यांनी पुढ्यातली पत्रावळ उचलली. "बाळासो, ह्यो शिरा. कुठनंबी घास घे, तेवढाच गोड. का? आचाऱ्यानं ढवळलाय. आपुन जल्मभर शिराच तपासलाय गड्या. आता ह्यो चिवडा. पयल्या घासाला शेंगदाणा आला, म्हणून पातेलंभर शेंगदाणं हायत म्हणशील?"

"आमच्या चिवड्यात तर शेंगदाणं हुडकायला कंपनीच आणाय लागंल," बनुबाई मागून म्हणाल्या. हॉल हसला, आचारी सोडून.

हसू ओसरल्यावर तात्यांनी तेवीस भोकं सांगितली, चार सांगितली, चौदा महिने सांगितले. "पोरगं खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले. "त्येची कंपनीबी लबाड न्हाई. ती हुडकतीया. हुडकणं येगळं आन हाय म्हणणं येगळं. ज्येला घालायचं त्येनं घट समजून घालावं."

घट म्हणजे वितळवताना धुरात आणि राखेत जाणारं वजन. गलाईवाला ती आधीच वजा धरतो. मग गेली तरी हिशोब चुकत नाही.

"तुमी किती घातलं?" बाळासोंनी विचारलं.

"घातलंय थोडं. किती ते सांगणार न्हाई. सांगितलं तर तुमी मोजून तेवढंच घालणार."

बहुतेकांनी घातलं नाही. बाळासोंनी भट्टी घेतली, पण पुढची दोन वर्षं कुठे टचाची गोष्ट निघाली की ते तात्यांकडे बघून म्हणायचे, "आजचा का उद्याचा?" तात्या मान खाली घालून चहा प्यायचे.

दिग्विजय दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून गेला. न्याहारीला थांबला नाही. गाव पैसे घालील, असा शब्द त्याने कंपनीच्या साहेबांना दिला होता. वर्षभर त्याचा फोन आला नाही. शालूबाई अधूनमधून नंबर लावून द्यायच्या, पलीकडे वाजत राहायचं. तात्या एवढंच म्हणायचे, "कामात आसंल."

कंपनी बुडली नाही आणि वरही आली नाही. नवे शेअर निघाले, तात्यांचा वाटा पातळ झाला. दुसऱ्या वर्षी दिवाळीत दिग्विजय आपणहून घरी आला, पेटाऱ्यासारखी मोठी बॅग घेऊन. ओट्यावर बसला. "तात्या, त्या दिवशी गावानं पैसं दिलं असतं, तर मला आज हितं बसता आलं नसतं," म्हणाला. तात्यांनी त्याच्याकडे न बघता पाटावरचा फराळ पुढे सरकवला. त्यानंतर प्रत्येक भोकाचा निकाल आला की तो त्यांना फोन करायचा, साहेबांच्याही आधी.

गेल्या माघात एका संध्याकाळी असाच फोन आला. एकेचाळिसावं भोक. तात्या खाटेवर होते, शालूबाईंनी फोन त्यांच्या कानाला धरला होता.

"लागलं?"

"न्हाई तात्या. कोरडं."

"बरं. कुठल्या अंगाला वळती रेघ?"

"उत्तरेला वाटतीया."

"मग उद्या तिकडं बगा. आता ठेव फोन, तुज्या काकीची भाकरी तव्यावर हाय."