काळ्या हातमोज्यांतला माणूस

ओत्ताव्यो गालेसिओचा चेहरा कधी पडद्यावर आला नाही, पण त्याचे हात अख्ख्या इटलीने पाहिले. त्या काळी आमच्या तुरीनमध्ये पिवळ्या सिनेमांचं, म्हणजे खुनाच्या रहस्यपटांचं, नुसतं पेव फुटलं होतं. वस्तरे, काळे कातडी हातमोजे, आणि खुनी कोण ते शेवटच्या रिळापर्यंत कळायचं नाही. खुनी ठरलेला नट कोणीही असो, हातमोज्यांतले हात दुसऱ्याच कुणाचे तरी असायचे, म्हणजे प्रेक्षकाला सुगावा लागत नसे. ओत्ताव्यो सेटवर सुतारकाम करायचा. बोटं लांबसडक. दिग्दर्शकाच्या नजरेत भरली आणि त्याने त्याला हातमोजे चढवले. झालं! तेव्हापासून कोपऱ्यावरच्या बारमध्ये पठ्ठ्याला सगळे "खुनी" म्हणूनच हाक मारतात, आणि त्याला ते गोडही लागतं.

पण त्याचं कौतुक पुष्कळ झालं. मला सांगायचंय ते त्याच्या बायकोचं, इओलांदाचं.

इओलांदा असल्याच एका सिनेमात नायिकेची बदली होती, आणि खुन्याचे हात ओत्ताव्योचे. नायिकेच्या नाजूक गळ्यावर वळ उठायला नकोत, म्हणून गळा आवळायच्या प्रसंगात पाण्याच्या टबात हिला बसवलं. आता आमच्याकडची कामाची रीत अशी, की सेटवरचा आवाज सिनेमात कुणी ठेवतच नसे. सगळे आवाज नंतर स्टुडिओत भरायचे. त्यामुळे कॅमेरा चालू असताना कुणी संवादाऐवजी आकडे म्हणायचं, कुणी जेवणाचा बेत सांगायचं, सुतार खुशाल ठोकाठोक करायचे. ओठ हलले की काम भागलं. बाई जिवाच्या आकांताने ओरडली तरी कुणी मान वर करून बघत नसे. ओरडण्याचेच तर तिला पैसे मिळायचे!

त्या दिवशी टबात तिचा श्वास खरोखरच कोंडला. डोळ्यांपुढे अंधारी आली. आपण "ओत्ताव्यो, सोड!" असं ओरडलो, एवढं तिला पक्कं आठवत होतं. शुद्धीवर आली तेव्हा ओत्ताव्यो गुडघ्यांवर बसून ढसाढसा रडत होता.

"तू काही म्हणालीच नाहीस गं," तो म्हणाला. "तू आकडे म्हणत होतीस. मला कसं कळणार?"

मग रोज दवाखान्यात फुलं, चॉकलेटं. पोरगा मनाचा हळवा, लाजाळू, दारू बेताची. पुढच्या वसंतात लग्न झालं.

संसार चांगला झाला, हे कबूल केलं पाहिजे. त्याने कधी तिच्यावर हात उगारला नाही. पण गळ्यातल्या साखळीची कडी तिने कधी त्याला लावू दिली नाही. तो मागून आला की तिच्या छातीत धस्स व्हायचं. मग तिला स्वतःचाच राग यायचा. एवढा भला माणूस, आणि आपण अशा! खालच्या मजल्यावरची क्लेलिया, तिची जिवाभावाची मैत्रीण, तीसुद्धा म्हणायची, "अगं, नाकातोंडात पाणी गेलं की माणसाला काय वाट्टेल ते भास होतात. त्या बिचाऱ्याला किती छळशील?"

आपण ओरडलो होतो की नव्हतो, हा एकच किडा तिचं डोकं पोखरत राहिला. नसू, तर आपलं डोकं फिरलंय. असू, तर... त्याच्यापुढे विचार करायची तिची छाती होत नसे.

आणि यंदा बोलोन्याच्या एका छोट्या कंपनीने तो सिनेमा धुऊनपुसून नव्याने डिस्कवर काढला. त्या काळी, नंतर ओठांशी शब्द जुळवता यावेत म्हणून, सेटवर एक कच्चा आवाज टिपून ठेवत आणि काम झालं की फेकून देत. ती फीत कुठल्याशा तळघरात कशी कोण जाणे वाचली होती. कंपनीने ती टबातल्या प्रसंगाला जोडून दिली, चाहत्यांसाठी गंमत म्हणून. तिथली जिनेव्रा नावाची मुलगी फोनवर म्हणाली, "सिन्योरा, त्यात तुमचा आवाज आहे. तुम्ही आधी एकट्याने ऐका."

"काय म्हणते मी?"

जिनेव्राने आपला घरचा नंबर सांगितला. मग, "ऐका तुम्ही. आणि मला फोन करा. कधीही."

इओलांदाच्या तोंडचं पाणी पळालं. एकट्याने ऐकायची हिंमत नाही आणि त्याच्याबरोबर दोघांत ऐकायची तर त्याहून नाही. पण ओत्ताव्योला त्या फितीचं काहीच ठाऊक नव्हतं. डिस्क घरी आली तशी त्याने रविवारी बारमधल्या मित्रांना सिनेमा बघायला आणि दुपारचं जेवायलाच बोलावून टाकलं. तिने क्लेलियाला बोलावलं.

तिने सारण भरलेल्या आन्योलोत्ती वाढल्या, पण स्वतः एक घासही खाल्ला नाही. जेवणं उरकल्यावर खिडक्यांची दारं लावून घेतली आणि सिनेमा सुरू झाला. हातमोजे दिसले की मित्र टाळ्या पिटत. "अरे खुन्या, मला नको रे मारू, माझं अजून लग्न राहिलंय!" जाडा एवाझिओ ओरडला. ओत्ताव्यो हसून हसून लाल झाला होता.

सिनेमा संपला. इओलांदाने रिमोट उचलला. 

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "टबाचा प्रसंग. आपल्या खऱ्या आवाजांत."

ओत्ताव्योचं हसू मावळलं. "कसले खरे आवाज? ते तर फेकून द्यायचे. बंद कर, लोक कंटाळलेत."

"लाव गं," क्लेलिया म्हणाली.

खरखर. हातोड्याचे ठोके. कुणीतरी कॉफी मागत होतं. मग तरुण इओलांदाचा कंटाळलेला आवाज, "एक, दोन, तीन, चार..." एवाझिओ खो खो हसला. पाण्याचा खळखळाट. दिग्दर्शक ओरडला, "बस! झालं!"

पडद्यावर हात तसेच गळ्यावर होते.

"ओत्ताव्यो, सोड! खरंच सोड! ओत्ताव्यो..." पुढचे शब्द पाण्यात गेले. आणि मग जवळून, अगदी शांत, समजूत घातल्यासारखा एक आवाज आला, "अजून थोडं."

ठोके थांबले. कुणीतरी किंचाळलं, "अरे, सोड तिला! ओढा रे याला!" आणि फीत संपली.

  आपलं डोकं ठिकाणावर आहे हे कळल्यावर इओलांदाला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. भास म्हणून तिने आयुष्यभर दाबून ठेवलेलं ते शेजारच्या खुर्चीत बसलं होतं, आणि त्याने ओठ पुसून नॅपकिन घडी करून ठेवला.

"जुनी गोष्ट," ओत्ताव्यो म्हणाला. आवाज तोच, शांत, समजूत घातल्यासारखा. "चला, व्हर्मूत घेऊ या."

कुणी ग्लास पुढे केला नाही. एवाझिओने त्याच्याकडे न बघता टोपी उचलली. दुसरा उठला. कुणाला बसचं आठवलं, कुणाला कुत्र्याचं. दार उघडलं, जिन्यावर पावलं वाजली. क्लेलियाही पर्स शोधत उठली, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ओत्ताव्यो ताटं गोळा करू लागला.

इओलांदाने क्लेलियाचं मनगट घट्ट धरलं.

"तू जाऊ नकोस," ती म्हणाली. "निदान माझी बॅग भरून होईपर्यंत इथे उभी राहा. दार उघडंच ठेव."