शनिवार आणि रानमाणूस

माझ्या अंगावर केस जरा जास्तच आहेत. जरा म्हणजे, होस्टेलवर मला अस्वल म्हणायचे आणि त्यात काही चूक नव्हती. इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. पण इथे आयर्लंडमध्ये, आमच्या नास गावच्या स्विमिंग पूलवर मला बघून लेकीच्या मैत्रिणी खिदळल्या, तेव्हा आठ वर्षांची ही बाई मला म्हणाली, "बाबा, यू आर ग्रँड इन द कार."

ग्रँड म्हटलं म्हणून मी दिवसभर खूश. बायकोने अर्थ सांगितला: इथे ग्रँड म्हणजे 'राहू दे'. तेव्हापासून दर शनिवारी मी पार्किंगमध्ये, गाडीत. मला फार वाईट वाटायचं.

२०१७च्या हिवाळ्यात पूल दुरुस्तीसाठी बंद झाला, म्हणून एका शनिवारी तिला डब्लिनला जुन्या जर्मन छापचित्रांच्या प्रदर्शनाला नेलं. बाहेर पाऊस होता आणि आत हीटर होता, एवढीच माझी कलेची जाण. दालनात उजेड मंद, माझा चष्मा वाफेने धूसर. समोरच्या चित्रात अंगभर केस, भरदार छाती, खांद्यावर गदा. माझे हात आपोआप जोडले गेले. एक बूटही काढून झाला.

"बाबा, व्हॉट आर यू डूइंग?"

"मारुतीराया आहे, बाळा. नमस्कार कर."

तिने शेजारची पाटी वाचली. तो जंगलात राहणारा रानमाणूस निघाला. जुनी बडी घराणी म्हणे आपल्या कुलचिन्हाची ढाल धरायला त्याचंच चित्र काढून घ्यायची, कारण असला गडी दारात असला की घराला भीती नाही. शेपूट नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं.

माझा एका पायातला मोजा बघत तिथला गार्ड चित्राकडे बोट दाखवून तिला म्हणाला, "युवर मॅन इज फिअर्स हेअरी, इझन्ट ही?" युवर मॅन म्हणजे इकडे नुसतं 'तो माणूस' आणि फिअर्स म्हणजे 'भलताच', हे मला ठाऊक होतं. तरी मी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"दॅट्स नथिंग," लेक म्हणाली. "यू शुड सी माय डॅड."

आवाजात चक्क फुशारकी होती.

पूल उघडला त्या शनिवारी मी सवयीने गाडीतच बसलो होतो. मैत्रिणींना दारात थांबवून ती परत आली आणि काच ठोठावली.

"चल ना बाबा. अँड नो टी-शर्ट. आय प्रॉमिस्ड देम."

गाडीला कुलूप लावायचंही मला सुचलं नाही.