बंदरावरचे चुलते

देवी काढायच्या नोकरीला लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. आरोग्य खात्याच्या कागदावर व्हॅक्सिनेटर, रत्नागिरीतल्या लोकांच्या तोंडी ‘देवी डॉक्टर’. डॉक्टर मी नव्हतोच. लशीच्या काचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा आणि टोचायचं हत्यार एवढंच माझ्याकडे असे. हत्यार म्हणजे दांडीच्या टोकाला बारीक दातांचं चक्र. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, चक्र टेकवायचं आणि जरा दाबून फिरवायचं. कातडी खरवडली की झालं, रक्त येता कामा नये, असं आम्हाला शिकवलं होतं.

एका वर्षी आगबोटीतून उतरलेल्या एका उतारूला देवी निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, “बंदरावर मिठाची जुनी वखार आहे, तिथं पंधरा-वीस बेघर लोक पडलेले असतात. त्यांना आज टोचायचं आणि तिथून उठवायचं.”

“दोन्ही आजच?”

“तू टोच. उठवायचं आम्ही बघतो.”

साहेब, काठ्या घेतलेले दोन शिपाई आणि मी, असे चौघे गेलो. वखारीला छप्पर अर्धंच होतं. उरलेल्या जागेत लोकांनी गोणपाटं बांधली होती. आम्ही दिसताच बायकांनी टोपं-तांबे पोटाशी धरले. त्याचं कारण मला नंतर कळलं. आदल्या उन्हाळ्यात तिथं एक माणूस हगवणीने मेला, तेव्हा खात्याने येऊन सगळ्यांची अंथरुणं जाळली होती. खात्याची माणसं म्हणजे जाळायला आलेली माणसं, एवढंच त्यांना ठाऊक.

एक बाई पुढे आली. तिशीची असेल. तिचा नवरा होडीसकट समुद्रात गेला होता आणि सासरच्यांनी तिला घरात ठेवली नव्हती. बंदरावर ती मासळी सुकवायला जायची.

“टोचून घेतो, साहेब,” ती म्हणाली. “पन मग आमी जायचं कुठं, ते आदी सांगा.”

प्रश्न सरळ होता. साहेबांनी शिपायाकडे नुसतं पाहिलं. शिपायाने तिचा दंड धरून तिला माझ्याकडे ओढली.

तेव्हा भिंतीशी बसलेला एक म्हातारा उठला. जुना खलाशी होता. पार इराणच्या आखातात बसऱ्यापर्यंत गलबतं नेलेला. डोळ्यांत मोतीबिंदू वाढले, तसं त्याला कुणी गलबतावर घेईना. घरात पुतण्यांना जड झाला आणि वखारीत आला. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याच्या हातात वल्ह्याचा मोडका तुकडा होता. आवाजाच्या रोखाने त्याने तो फिरवला आणि शिपायाच्या खांद्यावर बसवला.

पुढचं फार भराभर झालं. दोन्ही शिपाई त्याच्यावर तुटून पडले. पहिली काठी कानशिलावर बसली, दुसरी गुडघ्यावर. तो पडल्यावरही ते मारत होते. बायका ओरडत होत्या, कुणीतरी दगड भिरकावला तो साहेबांच्या कपाळाला लागला, आणि मग साहेबही लाथा घालू लागले. मी पेटी छातीशी धरून उभा होतो. माझ्या नळ्या फुटतील ही एकच काळजी मला त्या वेळी होती. हे सांगायला लाज वाटते, पण तसंच होतं.

“याच्यापासनं सुरू कर,” साहेब म्हणाले. त्यांच्या भुवईवरून रक्त गळत होतं.

एका शिपायाने चाचाचा डावा हात ओढून जांभ्याच्या एका चिऱ्यावर आडवा ठेवला आणि मनगटाच्या वर गुडघा रोवला. मी दंड पुसला. थेंब ठेवला. पहिलं वर्तुळ काढलं, दुसरं काढलं. तिसऱ्याच्या वेळी म्हाताऱ्याने अंग पिळलं, शिपायाने सगळा भार गुडघ्यावर टाकला आणि चिऱ्याच्या कडेवर हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. वाळका बांबू मोडावा तसा. चाचा ओरडला नाही. त्याने फक्त तोंड उघडलं.

मी तिसरं वर्तुळ पुरं केलं. त्यातून रक्त आलं.

त्यानंतर कुणी प्रतिकार केला नाही. एकेक जण येऊन दंड पुढे करत गेला आणि मी टोचत गेलो. त्या बाईलाही टोचलं. आमच्या मागे शिपायांनी गोणपाटं ओढून काढली आणि पेटवून दिली. साहेब कपाळाला रुमाल दाबून शिपायांसह निघून गेले. मी पेटी बंद करत होतो तेव्हा त्या बाईने माझी कॉलर धरली.

“याचा हात कोन बांदनार?”

चाचाच्या हाताचं हाड कातडी फोडून बाहेर आलं होतं. मी त्याच्यावर माझा रुमाल गुंडाळला. बंदरावरच्या हमालाची हातगाडी मागून घेतली आणि आम्ही दोघांनी त्याला इस्पितळात नेलं. चढावर ती मागून ढकलत होती आणि प्रत्येक धक्क्याला चाचा विव्हळत होता.

इस्पितळात कारकुनाने विचारलं, “पत्ता?”

“मिठाची वखार,” बाई म्हणाली.

“तो पत्ता नव्हे. पत्ता नाही, जबाबदार नातेवाईक नाही, तर भरती होत नाही. पट्टी करून घ्या आणि जा.”

“माझा पत्ता लिहा,” मी म्हटलं.

“तुमचे कोण?”

“चुलते.”

त्याने चाचाच्या दाढीकडे पाहिलं, मग माझ्या कपाळावरच्या गंधाकडे. “तुमचे चुलते?”

“लिहा.”

त्याने लिहिलं. एवढं केलं आणि मला वाटलं, माझं देणं फिटलं.

दोन दिवसांनी साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. सदर इसम बंदराच्या पायरीवरून पडून जखमी झाला, असं त्यात होतं. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. मला नोकरी हवी होती, घरी आई होती. मी सही केली.

पुढच्या आठवड्यात मी तालुक्यात टोचत फिरत होतो. परत येऊन इस्पितळात गेलो, तर चाचाचा हात कोपराखाली नव्हता. सडत चालला होता म्हणून कापावा लागला. दंडावर मात्र देवी चांगल्या धरल्या होत्या. तीन टपोरे फोड. खात्याच्या भाषेत यशस्वी.

ती बाई खाटेशी खाली बसली होती. माझा आवाज ऐकून चाचाने मान वळवली.

“माझा हात कुठं पुरला?” त्याने विचारलं.

मला समजलं नाही. बाई म्हणाली, “सकाळपासनं हेच इचारतोय. त्यांच्यात हात पन पुरतात. दफन करतात.”

मी वॉर्डबॉयला गाठलं. तो म्हणाला, “नातेवाइकाला विचारायचं असतं. तुम्ही नव्हता. गेला कचऱ्याबरोबर भट्टीत.”

खाटेशी येऊन मी चाचाला ते सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, पण सुचलं नाही. तो म्हणाला, “जवळ ये.” मी वाकलो. त्याने उजव्या हाताने माझा चेहरा चाचपला, नाक, गाल, जबडा, आणि मग सगळं बळ एकवटून मुस्काटात मारली. माझा ओठ फाटला. वॉर्डबॉय धावत आला, तशी ती बाई मध्ये उभी राहिली.

“मारू दे,” ती म्हणाली. “घरचं हाय.”

त्या संध्याकाळी मी वरच्या साहेबांना अर्ज लिहिला. पायरीवरून पडल्याचा, मी सही केलेला कागद खोटा आहे, हात माझ्या डोळ्यांदेखत मोडला आणि तेव्हा मी टोचत होतो, हे सगळं लिहिलं. पत्ता नसलेल्या आजारी माणसाला इस्पितळाने परत पाठवू नये, हेही लिहिलं.

चौकशी झाली. शिपाई म्हणाले, आम्ही हात लावला नाही. आमचे साहेब म्हणाले, हा पोरगा डोक्याने कमजोर आहे. मग बाईला आत बोलावलं. तिने बसायला नकार दिला आणि उभ्यानेच, कोण कुठं होतं, काठी किती वेळा उचलली, गुडघा कुठं ठेवला, हे सगळं सांगितलं. माझ्याकडे बोट करून म्हणाली, “आनि ह्यो टोचत ऱ्हायला.” मी होकारार्थी मान हलवली.

शिपायांना कामावरून काढलं. साहेबांना काही झालं नाही. मला बदलीवर हर्णेला पाठवलं. पण इस्पितळाला तोंडी हुकूम गेला, आणि त्यानंतर पत्त्याच्या जागी नुसतं ‘बंदर’ लिहूनही माणसं भरती होऊ लागली. निदान काही वर्षं तरी.

हर्णेला मी लोकांच्या अंगणात बसून राहायचो. माणूस आपणहून दंड पुढे करीपर्यंत हत्यार बाहेर काढत नसे. वरून ताशेरे यायचे, काम संथ म्हणून. एका कोळीणीने मला तीन दिवस बसवून ठेवलं होतं, आणि चौथ्या दिवशी स्वतःच हाक मारली.

रत्नागिरीला गेलो की मी चाचाला भेटत असे. तो आणि ती बाई पुन्हा त्याच वखारीत राहत होती. मी आलो की तो तोंड भिंतीकडे वळवी. बाई मला पाणी देई. एकदा मी गेलो तेव्हा त्याची जागा रिकामी होती.

“गेला तो. सगळं नीट केलं,” ती म्हणाली. “मोहल्ल्यातली चार मानसं आली. मी लांब उभी व्हते.”

मी विचारलं, चाचा माझ्याबद्दल काही बोलले होते का.

“नाय,” ती म्हणाली, आणि उन्हात पसरलेली मासळी उलटवायला गेली.