दोन जहाजांचा मेळ

“मेळ लागंना साहेब,” एवढंच म्हणून मिस्त्री माझं ड्रॉइंग टेबलावर पसरत आणि चुकीच्या जागेवर अंगठा ठेवून उभे राहत. चूक कोणाची, हे तोंडानं कधी म्हणत नसत. पण मला ती सापडेपर्यंत अंगठा हलायचा नाही.

औरंगाबादला चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी ड्रॉइंगं काढायचो आणि ते त्यांवरून लाकडाचे नमुने करायचे. तो नमुना वाळूत दाबायचा आणि उमटलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा, असं ते काम. लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून त्यांची फूटपट्टी माझ्या फूटपट्टीपेक्षा किंचित लांब असायची. “आमचा इंच तुमच्यापेक्षा मोठा हाय,” असं नव्या माणसाला ते अगदी गंभीरपणे सांगत. मूळचे सिल्लोडचे. घरात दखनी, आमच्याशी मराठी. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या एका साहेबांच्या मुलाच्या लग्नात मांडवाचा खांब दोन बोटं कललेला होता. मिस्त्रींना घास जाईना. शेवटी ते ताटासकट उठले आणि खांबाकडे पाठ होईल अशा जागी जाऊन बसले. मग मात्र पोटभर जेवले.

एका सोमवारी त्यांनी माझ्यापुढं वहीचं पान ठेवलं. पेन्सिलीनं काढलेली दोन चित्रं होती. मी विचारलं, “हा कुठला पंप?”

“पंप नाय साहेब. आकाशातलं जहाज हाय. टीव्हीवर येतं.”

तेव्हा रविवारी सकाळी एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत बोलणारी. एका यानातून सात-आठ माणसं घराची वाट शोधत ताऱ्यांमधून फिरत. चित्रं त्यांच्या मुलीनं, नसरीननं काढली होती. मुलगी सतरा-अठरा वर्षांची. लहानपणी आलेल्या तापानं तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. मुंबईला नेलं, तर ऑपरेशनची वेळ निघून गेली म्हणाले. शाळा सुटली होती, जिना सुटला होता. आता पलंग आणि समोरचा टीव्ही.

तिला मिस्त्रींनी सागवानात ते जहाज करून देईन असं कबूल केलं होतं. अडचण अशी, की जहाज उडताना खिडक्या सात असत आणि उतरताना नऊ. शेपटाला कधी तीन पंख, कधी दोन. दार डावीकडं, माणसं उतरायची उजवीकडून. पोरीनं हे सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. बापाचीच नजर होती ती.

“कोणतं करू?” मिस्त्रींनी विचारलं.

पुढच्या रविवारी मी मुकुंदवाडीला त्यांच्या घरी गेलो. नसरीन उशीला टेकून बसली होती, मांडीवर वही. दोन वाक्यांनंतर तिला दम लागायचा. मालिका चालू असताना ती आमच्याशी बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, “काका, मला वाटतं जहाजं दोन हायेत. मधीच कुठंतरी बदललं. आतल्या लोकांना माहीत नाय. एक दिवस त्यांना कळंल.”

मला कौतुक वाटलं, आणि आपलं शहाणपण दाखवायची हुक्कीही आली. मी म्हणालो, “अगं, दोन तर आहेतच. जवळून दाखवायला एक मोठं खेळणं, लांबून दाखवायला दुसरं छोटं. दोन कारागिरांनी केली असतील, एकमेकांचं ड्रॉइंग न बघता. एवढंच.”

तिनं मांडीवरची वही मिटली. मग म्हणाली, “म्हणजे आत कुणीच नाय?”

“आत कोण असणार? पोकळसुद्धा नसतील. नुसते ठोकळे.”

मी हसत होतो. मिस्त्री हसले नाहीत. त्यांची बायको चहा घेऊन आली, मी तो प्यालो आणि निघालो.

पुढच्या रविवारी नसरीननं टीव्ही लावू दिला नाही. वही पलंगाखाली टाकली. “म्हणती, अब्बा, जहाज नका करू,” मिस्त्रींनी सोमवारी सांगितलं. आवाजात राग नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं काही मागितलं. “एकच ड्रॉइंग काढा साहेब. दोन्हींचा मेळ बसल असं. म्हणजे तिला सांगता येईल, हे खरं हाय.”

मी जेवणाच्या सुट्टीत बसून ते काढू लागलो. दोन खिडक्यांना उडताना मिटणाऱ्या झडपा दिल्या. एक पंख बिजागरीवर दुमडणारा केला, दारं दोन्ही बाजूंना. जमतंय असं वाटे आणि पुन्हा कुठंतरी अडे. चूक राहू नये म्हणून मी घाई केली नाही. महिना गेला. आज वाटतं, चुकीचं का होईना, आठ दिवसांत द्यायला हवं होतं. मिस्त्रींनी अंगठा फिरवून ते तपासलं, पंख दुमडला की खिडकीवर येतो हे दाखवलं, मी दुरुस्त केलं. मग आठवड्याभरात त्यांनी जहाज पुरं केलं.

ते द्यायला मीही गेलो. नसरीनचे ओठ निळसर पडले होते. तिनं पंख दुमडून पाहिला, खिडक्या मोजल्या. सात. झडपा उघडून पुन्हा मोजल्या. नऊ. बापाकडं बघून हसली. मग जहाज तळहातावर तोलत म्हणाली, “जड हाय. भरीव हाय ना, अब्बा?”

“व्हय. अस्सल सागवान.”

“मग बसणार कुठं ते लोक?”

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मिस्त्रींनी जहाज तिच्या हातातून हळूच काढून घेतलं. “राहिलंच की ते. आतून कोरून आणतो. बसायला बाकडी करतो.”

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी जहाज उभं चिरलं. दोन फाका केल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी एक फाक कोरून झाली होती आणि दुसरी हातात घेतली होती, तेव्हा शेजारचा माणूस सायकलवरून फाटकाशी आला. मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसलो. मुकुंदवाडीला पोचलो, तर दारात बायका जमल्या होत्या. मिस्त्रींच्या मुठीत पटाशी तशीच होती. आत जायच्या आधी ती कुठं ठेवावी हे त्यांना कळेना. मी ती घेतली.

पाचव्या दिवशी ते कामावर आले. पूर्वीइतकंच नीट काम करत. फक्त माझ्या टेबलाशी येईनासे झाले. पावसाळ्यात माझ्या एका ड्रॉइंगमध्ये भोक चुकीच्या बाजूला पडलं. त्यांनी तसाच नमुना केला, ओतकाम झालं आणि सगळा माल भंगारात गेला. मला बोलणी खावी लागली. मी त्यांच्याकडं गेलो. “मिस्त्री, तुमच्या लक्षात आलं नाही?”

“आलं होतं,” ते म्हणाले आणि रंधा मारू लागले.

मी माझ्या टेबलाकडं परत आलो. वर्षभरात नोकरी सोडून ते बायकोला घेऊन सिल्लोडला गेले.

तीनेक वर्षांनी मी तिथं गेलो. मुद्दाम गेलो, पण सहज आलो असं सांगितलं. चुलत भावाच्या दुकानात ते दारं-चौकटी करत होते. केस पिकले होते. त्यांनी चहा मागवला, माझ्या मुलांची नावं विचारली, ऐकून मान हलवली. शेवटी मी धीर करून म्हणालो, “मिस्त्री, त्या रविवारी मी तिच्यापुढं जे बोललो...”

“साहेब,” त्यांनी मला मध्येच थांबवलं, “औरंगाबादची गाडी पाच वाजता हाय. त्याच्यानंतरची लई उशिरा.”

स्टँडवर ते माझ्याबरोबर आले. गर्दीतून वाट काढत मला खिडकीजवळची जागा धरून दिली, पिशवी वर ठेवली आणि खाली उतरले. मी निरोपाचा हात करायला खिडकीतून वाकलो. ते केव्हाच पाठ फिरवून मक्याच्या पोत्यांमधून वाट काढत निघाले होते. गाडी सुटायला अजून वीस मिनिटं होती.