चघळ्याच्या दाढा

मावशी माणसाकडे बघायच्या ते आधी तोंडाकडे. डोळे, कपडे, गाडी हे सगळं मागाहून. एकतीस वर्षं कवळ्या करण्यात घालवलेल्या बाईला दुसरं काय दिसणार? दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी त्यांचं टेबल होतं. त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, आणि ज्यांचे चेहरे त्यांनी कधी पाहिले नव्हते अशा माणसांचे प्लास्टरचे जबडे. नवा जबडा आला की त्या तो उजेडात धरायच्या आणि सांगून मोकळ्या व्हायच्या, "हा डावीकडून चावतो. ही झोपेत दात खाते." खाली डॉक्टर पेशंटला सांगायचे की वरून आलेली कवळी सहसा परत येत नाही. मावशी मान वर करायच्या नाहीत, पण एवढं वाक्य त्यांना जिन्यावरून बरोबर ऐकू यायचं.

त्यांची भाची आणि तिचे तीन मित्र मिळून एक खेळ बनवत होते. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि कोण जिंकलं, कोण मेलं हे फाशांनी ठरवायचं. राक्षस, अजगर, विंचू, पंख असलेले लांडगे असं बरंच काही त्यांनी जमवलं होतं.

"मावशी, सगळे नुसते अंगावर येणारेच झालेत गं," भाची एकदा जेवताना म्हणाली. "एक छोटासा, मायाळू डायनोसॉर करून देशील? मेणाचा?"

"खातो काय तो?"

"ते कशाला हवंय?"

"अगं, काय खातो ते कळल्याशिवाय दात कसे करू?"

खेळ बनवणाऱ्या चार शहाण्यांपैकी एकानेही याचा विचार केला नव्हता. मावशींनी केला, आणि ताटावरून उठेपर्यंत ठरवूनही टाकलं. तो दगड खातो.

असा चघळ्या जन्माला आला. गोष्टीत गुडघ्याएवढा, टेबलावर अंगठ्याएवढा. गोल पोट, आखूड हात, बसताना टेकू द्यायला जाड शेपूट. सुळे नाहीत, सगळ्या दाढा, आणि त्याही डावीकडच्या जास्त झिजलेल्या. भुयार कोसळलं की हा बसणार आणि दगड चघळत वाट करून देणार. माणूस दिसलं की याला इतका आनंद होणार की तोंड पूर्ण उघडून हसणार. मावशींनी तीन रविवार त्या तोंडात घातले. मेण पुसून झाल्यावर त्यांनी तो भिंगाखाली धरला आणि स्वतःवरच खूश झाल्या. का होऊ नये? काम तसंच होतं.

पुढचा घोळ सोंगट्या ओतणाऱ्या माणसानं घातला. मेणाच्या नमुन्यावरून वीस सोंगट्या ओतायच्या, एवढंच त्याला सांगितलं होतं. पण डायनोसॉर म्हणजे सुळे हवेतच, बाईंच्या हातून राहून गेले असतील, असं त्या भल्या माणसाला वाटलं. त्यानं आपल्या मनानं चार टोकदार सुळे बसवले, वर पैसेही घेतले नाहीत. भाचीनं खोका उघडला तो थेट खेळाच्या चाचणीला.

चाचणीला बाहेरचे खेळाडू बोलावले होते. त्यांत गाड्या दुरुस्त करणारा एक आडदांड मेकॅनिक तलवारबाज झाला होता. भाचीनं गोष्ट सुरू केली, "अंधारातून एक छोटा प्राणी येतो, तुमच्याकडे बघून पूर्ण तोंड उघडतो," आणि सोंगटी पुढे ठेवली. मेकॅनिकनं सुळे पाहिले आणि फासा टाकला. पुढचं वाक्य यायच्या आत चघळ्या खलास.

खेळाचे नियम लिहिणारा मित्र मनानं वाईट नव्हता, पण नियमाला पक्का होता. "पुस्तकात प्राण्यासाठी एकच पान उरलंय," तो म्हणाला. "रविवारी शेवटची चाचणी. तेव्हाही हा असाच मेला, तर ते पान विंचवाला."

भाची पडल्या चेहऱ्यानं खोका घेऊन जिना चढली. मावशींनी एक सोंगटी भिंगाखाली धरली आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हे तोंड मिटणार कसं? सुळे खाली दाढांवर आपटतायत. उपाशी मरेल माझा पोरगा!"

आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मावशी डबा बाजूला ठेवून कवळ्या घासायची छोटी मशीन घेऊन बसल्या. वीस तोंडांतले सुळे घासून काढले, दाढा पुन्हा कोरल्या, डावीकडची झीज होती तशी आणली. शनिवारी त्यांनी भाचीला दोन गोष्टी सांगितल्या. चघळ्याला ज्यानं मारलं त्याच्याच पुढ्यात ठेवायचं. आणि चघळ्याच्या वतीनं मी बोलणार. चार माणसांत ब्र न काढणारी ही बाई. भाची बघतच राहिली.

रविवारी गोष्टीतलं भुयार कोसळलं, वाट बंद झाली आणि भाचीनं सोंगटी पुढे ठेवली. मेकॅनिकचा हात फाशाकडे गेला. मग काय वाटलं कोण जाणे, फासा सोडून त्यानं सोंगटी उचलली, दिव्याखाली धरली आणि तिच्या तोंडात डोकावला. जुन्या गाड्यांचे दातेरी भाग रोज हाताळणारा माणूस तो.

"हे डावीकडे झिजलंय," तो म्हणाला.

"चाळीस वर्षं दगड चावतोय," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे हा कामाचा माणूस आहे. माणसं खाणारा नव्हे." त्यानं सोंगटी अलगद खाली ठेवली. "हा मेला तर पुन्हा येतो का?"

खेळातले सगळे प्राणी पुन्हा यायचे, नियमच तसा होता.

"नाही," मावशी म्हणाल्या. "हा एकदाच."

नियमवाल्यानं झटकन मान वर केली.

"मग छत पडतंय तिकडे मी सरकतो," मेकॅनिक म्हणाला. "ढाल याच्या डोक्यावर धरतो. याला काम करू द्या."

मावशींचा ऊर भरून आला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं काम हातात धरून, डोळ्यांसमोर आणून, बरोबर वाचलं होतं. त्यांना अभिमान वाटला, आणि तो लपवावा असं मुळीच वाटलं नाही. नियमवाल्यानं कागदावरचा विंचू खोडला.

"मावशी, तुझी पाळी," भाची म्हणाली. "चघळ्या काय करतो?"

मावशी खुर्चीत ताठ बसल्या.

"तुमच्याकडे बघतो," त्या म्हणाल्या, "आणि पूर्ण तोंड उघडतो."

फाशाला कुणी हात लावला नाही.