खंडेनवमीला धुतलेले व्हॉल्व्ह

वारूळवाडीला हमरस्त्यालगत वडिलांचं गॅरेज होतं. ट्रॅक्टर-जीपा मी बघायचो, पण जुन्या मोटारींच्या इंजिनांची हेडं, म्हणजे व्हॉल्व्ह असतात तो वरचा भाग, लोक लांबून त्यांच्याकडे आणत. बिनशिशाचं पेट्रोल आल्यापासून या म्हाताऱ्या इंजिनांच्या मऊ सीटा, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या, झिजायला लागल्या होत्या. वडील त्या काढून कळंबच्या लेथवर कडक सीटा बसवून आणायचे आणि मग एकेक व्हॉल्व्ह त्याच्या सीटवर खरखरीत पेस्ट लावून, फट राहू नये म्हणून घासायचे. व्हॉल्व्हला चिकटवलेली काठी दोन तळव्यांत धरून, ताक घुसळल्यासारखं. जो व्हॉल्व्ह ज्या सीटवर घासला, तो तिथलाच. दुसरीकडे बसवला की गळलाच म्हणून समजा. त्यामुळे ते व्हॉल्व्ह फळीवर ओळीनं मांडत आणि त्या फळीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी म्हणायचो, खूण करून ठेवा. "ओळीत ठेवल्यात की, खूण कशाला पायजे?" माणूस महाहट्टी.

त्या नवरात्रात एका गाडीचं काम फळीवर असतानाच त्यांच्या छातीत कळ आली. मंचरला दवाखान्यात ठेवलं. आईनं देव पाण्यात घातले. खंडेनवमीला मी दवाखान्यात होतो, ती एकटीच गॅरेजात गेली. दरवर्षी हत्यारं वडील पुसायचे आणि पूजा ती करायची. त्या वर्षी तिनं पाने, हातोड्या, सगळं राख-चिंचेनं लखलखीत केलं. फळीवरचे काळपट व्हॉल्व्हही घमेल्यात टाकून धुतले, पुन्हा छान ओळीनं मांडले, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू ठेवला. त्यांच्या कामाची पूजा केली तर ते घरी येतील, एवढंच तिच्या मनात होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वडील गेले.

तेराव्यानंतर मी गॅरेज उघडलं. आई झाडू घेऊन मागोमाग आली. ते चकचकीत व्हॉल्व्ह बघून मी कपाळाला हात लावला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! ओळ मोडली, आता कोणता कुठल्या सीटचा ते कळायचं नाही, असं तिला सांगितलं, तर तिनं झाडू टाकून एक व्हॉल्व्ह हातात घेतला.

"त्यांचा शेवटचा हात व्हता रं ह्याच्यावर. म्या धुऊन टाकला."

"अगं, पुन्हा घासतो मी. येतं मला."

"तुला येतंय, माहितीय. पण गाडी त्यांच्या हातची जायाला पायजे."

मी रॉकेलचा डबा काढला. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह सीटवर बसवायचा, वरून रॉकेल ओतायचं. खालच्या वाटेनं थेंब आला नाही, तर जोडी वडिलांनी लावलेली. आई ओतायची, मी खाली बोट लावून बघायचो. गळलं की दुसरा व्हॉल्व्ह. पहिली जोडी जुळली तेव्हा तिनं तो व्हॉल्व्ह कपाळाला लावला. असं करत दुपार कलली. शेवटी एक व्हॉल्व्ह उरला आणि एकच सीट. म्हणजे तो तिथलाच.

तो गळला.

आईचा चेहरा उतरला. "ह्याला म्या लई जोरात घासलं का रं?"

इतका वेळ मी व्हॉल्व्हांतच गुंतलो होतो. आता सीट पुसून हेड उजेडाकडे वळवलं. घासलेल्या सीटवर करड्या रंगाची कड दिसते. ही मात्र लेथवरून आली तशीच होती.

"आई, तू काही नाही केलंस. हा त्यांनी घासलाच नव्हता. इथवर आले आणि कळ आली."

तिनं त्या सीटच्या कडेवरून बोट फिरवलं. मग काठी उचलून माझ्या हातात दिली. "घास. माझ्याम्होरं घास."

मी घासला. ती शेजारी बसून होती. मग तिनंच रॉकेल ओतलं. मी बोट लावलं, बोट कोरडं होतं. तेराव्यापर्यंत चारचौघांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी आई तेव्हा पदर तोंडात कोंबून रडली. आता वडिलांचं काहीच करायचं राहिलं नव्हतं.