भावासाठी उतरवलेलं वजन

विशाखा साळवेचं वजन एकशेबारा किलो होतं आणि तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. लग्न मोडून माहेरी आल्यापासून ती बजाजनगरात वाळूजच्या कारखान्यांतल्या कामगारांचे डबे करायची. चाळीस डबे, दोन्ही वेळचे. धाकटा भाऊ बुद्धभूषण शेजारच्या गल्लीत राहायचा, बायको करुणा आणि लेक श्रेयासोबत.

छत्तिसाव्या वर्षी बुद्धभूषणच्या दोन्ही किडन्या गेल्या. आईला साखरेचा आजार, करुणाचा रक्तगट जुळेना. विशाखाचा जुळला. डॉक्टर तिच्याकडं बघून म्हणाले, "या वजनावर तुमची किडनी काढता येणार नाही. पंच्याहत्तरच्या खाली या, मग बघू."

"येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे कंपन्यांच्या रस्त्यानं चालायला लागली. पहिल्या आठवड्यात गुडघे सुजले, तरी चालली. भात सुटला, साखर सुटली, भाकरी अर्धी झाली. चाळीस जणांची भाजी फोडणीला टाकायची आणि स्वतः काकडी चावत बसायची. डायलिसिसच्या खाटेवरून बुद्धभूषण म्हणायचा, "आक्का, लई वाळलीस गं. माझ्यापायी उपाशी मरशील."

"तू गप पड. आठच किलो राहिलेत."

सोळा महिन्यांनी काटा चौऱ्याहत्तरवर आला. ऑपरेशनची तारीख मिळाली. त्या तारखेला एकोणीस दिवस उरले होते, तेव्हा डायलिसिसच्या नळीतून जंतू रक्तात गेले. दोन दिवस ताप आला आणि बुद्धभूषण गेला.

विशाखाच्या अंगावर कातडी राहिली. पोटाची घडी मांडीपर्यंत लोंबायची, दंडांची कोपरापर्यंत. उन्हाळ्यात गॅससमोर घाम त्या घडीत साचायचा, कातडीला चिरा पडायच्या, वास यायचा. ती जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या घडीत घालून वर साडी नेसायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "कसली बारीक झालीस गं! आम्हालाबी सांग की, काय खातीस." ती हसून घरात जायची.

औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी कातडी काढायचा खर्च अडीच लाख सांगितला. विम्याचा अर्ज परत आला. त्यावर लिहिलं होतं, 'सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया, मंजूर नाही.' तिनं तो कागद दोनदा वाचला आणि डब्यांच्या कणकेला बसली.

मे महिन्यात चिरांमध्ये पू झाला. ताप भरला, ती गॅसपाशीच कोसळली. पंधरा दिवस डबे बंद. तेव्हा करुणा आली. भाऊ गेल्यापासून ती कारणापुरतीच यायची.

"ताई, ह्यांच्या ऑपरेशनसाठी जमवलेले पैसे बँकेत तसेच हायेत. ताप उतरला की दवाखान्यात जाऊ."

"भूषणचे पैसे हायेत ते. मी नाय हात लावणार. श्रेयाच्या शिक्षणाला ठेव."

"श्रेयाचं मी बघीन, नोकरी हाय मला. तुमचं अंग असं कुणापायी झालं?"

ताप उतरला तशी विशाखा तिच्यासोबत औरंगपुऱ्याला गेली.

कातडी काढायचं ऑपरेशन झालं. कमरेभोवती टाके. करुणानं रजा काढली आणि तिला आपल्या घरी नेलं. रोज ती जखम पुसायची, पट्टी बदलायची, आधार देऊन मोरीपर्यंत न्यायची. सातव्या दिवशी दुपारी पट्टी सोडवताना तिचे हात थांबले.

"ताई, एक सांगते. ते गेले तेव्हा मला तुमचा लई राग आला व्हता. वाटायचं, ही आधीच बारीक असती तर पहिल्या महिन्यातच किडनी बसली असती. हे राहिले असते. तुमच्या घरचं अन्न सहा महिने मी तोंडात घातलं नाय, ते ह्याच्यामुळं."

विशाखा छताकडं बघत म्हणाली, "मलाबी तेच वाटतं, करुणा. रोज वाटतं."

तसं नाही, असं करुणा म्हणाली नाही. तिनं नवा कापूस घेतला, औषधात बुडवला, आणि जखमेच्या कडेनं हळूहळू फिरवत राहिली. मग तिचेच खांदे हलायला लागले. विशाखाला टाक्यांमुळं उठता येत नव्हतं. तिनं नुसता हात लांब केला आणि करुणाच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

श्रेया शाळेतून येईपर्यंत दोघी तशाच होत्या.